नक्कोभोवतीच्या रेघा

विलगीकरण अंतर हा शब्द मी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकले. नवीन जालन्यात, स्टेशनपासून जवळच, एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात मला प्लॉटची रजिस्टरं लिहायचं काम मिळालं होतं. शेतकऱ्यांच्या रानात कंपनीसाठी संकरित कपाशीचं बी तयार व्हायचं. कोणत्या रानात कोणती मादी ओळ, कोणती नर ओळ, कोणत्या दिवशी कोणत्या ओळीला हात लागला, सगळं माझ्या रजिस्टरात. शेजारी दुसऱ्या जातीची कपाशी असेल तर मधे ठरावीक अंतर सोडावं लागायचं, नाहीतर मधमाश्या इकडचे पराग तिकडे नेतात आणि बी भेसळीचं निघतं. भेसळीचा प्लॉट सरळ बाद. हा नियम मी इतका अंगात मुरवला की घरीही लावला, आणि त्यापायी माझी तीन वर्षांची होत आलेली मुलगी जवळजवळ अंबडला पाठवून बसले.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही जुन्या जालन्यात, कापड दुकानांच्या मागच्या बोळात राहायचो. नवरा अंबड रस्त्यावरच्या एका गावात शाळामास्तर. तो सकाळी सातच्या एसटीनं निघायचा, मी नऊला. मुलगी दिवसभर शेजारी, खालाकडे. खालाचे मालक गाद्या भरायचे आणि खाला घरी शिलाई मशीन चालवायची. बोळातल्या सगळ्या बायकांचे ब्लाऊज तिच्याकडे. तिच्या घरी उर्दू, आमच्या घरी मराठी, आणि मधल्या भिंतीत एक झरोका, ज्यातून वाट्या, सुया आणि निरोप इकडून तिकडे जायचे.

मुलगी सगळं समजायची. खालानं "कैंची ला" म्हटलं की कात्री आणून द्यायची, मी "पाट आण" म्हटलं की पाट ओढत आणायची. पण बोलायची फार कमी. तिच्या वयाची बोळातली पोरं आयांना उत्तरं द्यायला लागली होती. ही एखादा शब्द टाकायची आणि पुढचं काम बोटानं भागवायची.

आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिच्या पाठीमागे घंटी वाजवली. तिनं वळून बघितलं आणि घंटीसाठी हात पुढे केला. डॉक्टर हसले.

"कान उत्तम आहेत. काय काय बोलते ते लिहीत जा. तीन महिन्यांनी घेऊन या."

लिहीत जा म्हटल्यावर मला हुरूपच आला. घरी जाता जाताच दोन वह्या घेतल्या. निळ्या पुठ्ठ्याची मराठीला, तपकिरी पुठ्ठ्याची उर्दूला. रकाने आखले: दिवस, शब्द, कुठे, कुणासमोर. मांजर निळ्या वहीत, बिल्ली तपकिरी वहीत. भाकर निळ्या, रोटी तपकिरी. खाला संध्याकाळी झरोक्यातून दिवसभराचे शब्द सांगायची, मी लिहून घ्यायचे. दोन्ही वह्या फडताळात दोन वेगळ्या खणांत ठेवल्या होत्या. आता हसू येतं, पण तेव्हा ते मला अगदी रीतसर वाटायचं.

काही शब्द मी लिहिलेच नाहीत. और, ये, हे, अशी किरकोळ भर मला शब्दांत धरायची वाटत नव्हती. बोट दाखवून ज्याची वस्तू दाखवता येते तो शब्द, असा माझा हिशेब. आणि एका शब्दानं तर फार त्रास दिला. नक्को. तो ती दिवसातून शंभरदा म्हणायची. खाला म्हणायची नक्को, आम्ही म्हणायचो नको, अर्थ एकच. तो कोणत्या वहीत घालायचा? दोन-तीन दिवस विचार केला आणि शेवटी कुठेच घातला नाही.

पहिला महिना यादी वाढली. मग दोन्ही वह्या जागच्या जागी थांबल्या. आठवड्याला एखादा शब्द, कधी तोही नाही.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला वन्सं आल्या. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण, अंबडजवळच्या शेतकरी घरात दिलेल्या. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा वन्संनीच त्याला वाढवलं होतं. त्यांच्या सासरी त्यांचा धाकटा दीर जन्मभर बोललाच नव्हता. लहानपणी कुणी त्याला डॉक्टरला दाखवलं नाही, पुढे तो बैलांपाशी राहिला आणि हातवाऱ्यांवर जगला. वन्सं त्याला रोज बघत होत्या. म्हणून त्यांच्या बोलण्यात नुसता हेका नव्हता, भीतीही होती. हे मला तेव्हाही कळत होतं, तरी राग यायचा तो यायचाच.

"वैनी, वह्या दाव बरं तुझ्या," जेवणं झाल्यावर त्या म्हणाल्या.

मी दोन्ही वह्या पुढे ठेवल्या. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण अक्षरांवर बोट ठेवून वन्सं सावकाश सगळं वाचायच्या.

"हितं मांजर, तिथं बिल्ली. पोरगी कोनाची हाये, तुझी का तिची?"

"वन्सं, दोन्ही वेगवेगळं लिहिलंय. कुठे काय कमी ते कळावं म्हणून."

"कळलं की मंग. दोन्हीकडं कमीच हाये. हिकडं अर्धी, तिकडं अर्धी." त्यांनी वह्या मिटल्या आणि भावाकडे वळल्या. "हे बघ, भाऊबीजेला येते मी. यंदा ओवाळणीत मला साडी न्हाई पाहिजे. भाची पाहिजे. वर्षभर अंबडला ठिवते. घरात निव्वळ मराठी. पोपटावानी बोलंल. न्हाईतर हिनं नोकरी सोडावी अन् पोरीपाशी बसावं. तुमचं तुम्ही ठरवा, पण जल्दी ठरवा."

भाऊबीजेला बहिणीनं मागितलेल्या ओवाळणीला नाही म्हणायची त्यांच्या घरात रीत नव्हती. वन्संनी आजवर कधी काही मागितलंही नव्हतं. नवरा ताटाकडे बघत बसला. त्या गेल्यावर म्हणाला, "आक्का म्हणती त्यात काहीच नाही असं थोडंच आहे?"

"म्हणजे पाठवायची?"

"तसं कुठं म्हणलो मी."

"मग काय म्हणलात?"

शाळेत पन्नास पोरांना गप्प करणारा माणूस बहिणीसमोर आणि माझ्यासमोर एकाच दिवशी गप्प झाला होता.

मी मला येत होतं तेच केलं. अंतर वाढवलं. घरात एकही उर्दू शब्द बोलायचा नाही असं ठरवलं, आणि खालाला जाऊन सांगितलं की पोरीशी फक्त मराठी बोला. खालाला वाईट वाटलं असणार, पण ती म्हणाली, "हौ भाभी, कोशिश करती."

तिसऱ्या दिवशी झरोक्यातून तक्रार आली.

"भाभी, मेरे मुँह से मराठी निकलती तो तुम्हारी बेटी हसती. मैं बोली, 'हितं बसा, भात खावा.' तो पेट पकड के हसने लगी. मैं भी हसी. फिर दोनों चुप बैठे."

चुप बैठे हे खरं होतं. पंधरा दिवस माझ्या वह्यांत एक नवा शब्द आला नाही. तपकिरी वही तर मी बंदच ठेवली होती. वहीच्या पानावर नुसते दिवस लिहिलेले आणि पुढे मोकळे रकाने. रजिस्टर लिहिणाऱ्या माणसाला मोकळ्या रकान्याइतकं काही टोचत नाही.

दसरा झाला. भाऊबीजेला तीन आठवडे उरले. कपाशीचा फुलांचा हंगाम जोरात होता, आणि त्या दिवशी मला एका प्लॉटवरून संकराचे कागद आणायला पाठवलं होतं. काम असं चालायचं: संध्याकाळी बायका मादी ओळीतल्या कळीतले पुंकेसर नखानं काढून टाकायच्या आणि तिच्यावर लाल कागदाची टोपी घालायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतलं फूल त्या कळीवर घासायचं आणि देठाला दोरा बांधायचा. आमच्या छापील कागदावर दोन रकाने असायचे, मधे फुलीची खूण. डावीकडे मादी ओळ, उजवीकडे नर ओळ. क्रम कधी उलटा करायचा नाही. बी कुणाच्या पोटी आलं, ते आधी.

प्लॉटवरून परतताना ऑफिसात जाण्याआधी मी घरी डोकावले. दुपारचे बारा वाजले असतील. खालाचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून माझ्या मुलीचा आवाज येत होता. एक शब्द नाही, दोन नाही. ती बोलत होती.

मी दारातच थांबले. ती मशीनच्या पायडलवर बसली होती. मांजर समोर.

"बिल्ली नक्को." मग थोड्या वेळानं, "मशीन नक्को." मांजर जवळ आलं तसं, "बिल्लीला दूध." खालानं दुधाची वाटी सरकवली. "और दूध. बिल्लीला और."

माझ्या हातात वही नव्हती. पिशवीत भरलेल्या कागदांसोबत संकराचे उरलेले कोरे कागद होते. मी त्यातलाच एक काढला, भिंतीला टेकवला आणि लिहायला लागले. पण त्या कागदावर एकेक शब्द लिहायला जागाच नव्हती. तिथे दोनच रकाने होते आणि मधे फुली. म्हणून मी लिहिलं: बिल्ली, फुली, नक्को. मशीन, फुली, नक्को. बिल्ली, फुली, ला. और, फुली, दूध. ती बोलत होती तशा जोड्या पडत गेल्या. कागद भरला. दुसरा काढला.

खालानं मान वळवून मला पाहिलं आणि दचकली.

"भाभी! माफ करना, मैं भूल गई. उर्दू निकल गई मुँह से."

"खाला, बोला! बोला, थांबू नका!"

"क्या हुआ की इसको," खाला माझ्याकडे बघून मुलीला म्हणाली. मी हसत होते, आणि कागद हातातून घसरत होते.

ऑफिसात उशीर झाला, त्याची सफाई वेगळी. संध्याकाळी मी गेल्या वर्षीचं कॅलेंडर काढलं, पानं उलटी केली आणि जमिनीवर अंथरली. प्रत्येक शब्दाला एक गोल. ज्या दोन शब्दांची जोडी, त्यांच्यामधे बाण. आधी आलेल्या शब्दाकडून नंतरच्याकडे, कारण आमच्या कागदात क्रम मोडायचा नाही ही सवयच होती. मांजर आणि बिल्ली, दूध आणि चप्पल, खाला आणि बाबा, सगळे एकाच पानावर. पहिल्यांदाच.

मी नक्को एका कोपऱ्यात लिहिला होता. पाचव्या बाणाला लक्षात आलं की तो कोपऱ्यात राहू शकत नाही. दूध, मशीन, बिल्ली, भाकर, चप्पल, फ्रॉक, सगळीकडून बाण त्याच्याकडे येत होते. मी दुसरं पान घेतलं आणि नक्को मधोमध लिहिला. मग ते चित्र बसलं. ज्या शब्दाला मी कोणत्याच वहीत जागा दिली नव्हती त्याच्यावर सगळ्यांत जास्त रेघा होत्या. त्याच्या खालोखाल ये, और आणि ला. म्हणजे सगळे माझे गाळलेले.

आणि दुसरी गोष्ट बाणांमुळे दिसली. नक्कोकडे येणारे बाण भरपूर, नक्कोकडून निघणारा एकही नाही. ती कधीच नक्को दूध म्हणत नव्हती. आधी वस्तू, मग नक्को, दर वेळी. और मात्र नेहमी वस्तूच्या आधी किंवा लाच्या नंतर. हे तिला कुणी बसवून शिकवलं नव्हतं. तीन वर्षांच्या आतल्या पोरीकडे स्वतःचे नियम होते आणि ती ते पाळत होती, माझ्या ऑफिसातल्या काही लोकांपेक्षा जास्त काटेकोर.

मी नवऱ्याला ओढून आणलं.

"हे बघा. तुमच्या रूटवर किती गावं आहेत?"

"हे काय मधेच?"

"सांगा तर. समजा गावं वाढलीच नाहीत, पण दर महिन्याला नवे रस्ते झाले. तर?"

तो कागदाजवळ उकिडवा बसला. बोटानं दोन-तीन बाण चाचपले. "तर मग कुठूनही कुठं जाता येईल."

"मी तीन महिने गावं मोजत बसले. रस्ते मोजलेच नाहीत!"

त्यानं पेन्सिल उचलली. "सकाळी मी निघालो तेव्हा म्हणाली, बाबा बस नक्को. हे आहे का यात?" नव्हतं. त्यानं स्वतः बाण काढले, मास्तरांच्या सरळ हातानं.

त्या दिवसापासून घरातले सगळे नियम मी मागे घेतले. खालाला सांगितलं, तुम्हाला येईल ते बोला, फक्त जे ऐकाल ते दोन-दोन शब्दांनी मला सांगा. खाला इतकी उत्साही झाली की ब्लाऊजच्या मापाच्या चिठ्ठ्यांवर खूण करून ठेवायला लागली. एका गिऱ्हाइकाच्या छातीच्या मापाशेजारी उर्दूत लिहिलं होतं, बिल्ली का दूध गिरा.

दर आठवड्याला पेन्सिलीचा रंग बदलला. पहिला आठवडा लाल, दुसरा निळा, तिसरा हिरवा. म्हणजे एका नजरेत कळावं की रेघा कुठे वाढतात. लाल रेघा जवळजवळ सगळ्या नक्को आणि ये या दोघांपाशी गोळा झाल्या होत्या. निळ्या रेघा आणखी दोन ठिकाणी दाट जमल्या: ला आणि चं. आणि तिथून मात्र चित्र पळायला लागलं. खालाचं मशीन. बाबाचं बस. आईचं वही. मग एका दुपारी, मांजराच्या पिल्लांसमोर बसून ती म्हणाली, "बिल्लीचं आई."

मी खालाला विचारलं, तुम्ही असं म्हणालात? नाही. नवऱ्याला विचारलं. नाही. बोळात कुणीच बिल्लीचं आई म्हणणार नाही. खाला बिल्ली की माँ म्हणाली असती, मी मांजराची आई म्हटलं असतं. तिनं बिल्ली इकडून घेतली, चं तिकडून, आणि दोन्ही आपल्या हातानं जोडलं. वन्सं म्हणाल्या होत्या, पोपटावानी बोलंल. पोपट ऐकलेलं बोलतो. हे तिनं ऐकलेलंच नव्हतं!

आमच्या ऑफिसात विलगीकरण कशासाठी ठेवतात? परक्या रानातलं वारं लागू नये म्हणून. पण आपल्या रानातल्या दोन ओळी आपण मुद्दाम भेटवतो, त्याचसाठी तर सगळा खटाटोप. मी घरात नेमकी चुकीच्या जागी हद्द आखली होती. हिरव्या रेघा काढताना मला हे इतकं उघड दिसत होतं की आधी कसं दिसलं नाही याचंच नवल वाटायचं.

वन्सं भाऊबीजेच्या आदल्या दिवशी आल्या. सोबत करंज्यांचा मोठा डबा. आणि मुलगी दिवसभर एक शब्द बोलली नाही. माझ्या पदराआड उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिली. मी खालाला झरोक्यातून हाक मारली. खालानं तिला बोलावलं, मांजर दाखवलं, काही उपयोग झाला नाही. वन्संनी तिच्या केसांना तेल लावलं, वेण्या घातल्या आणि काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणंच मला जास्त जड जात होतं. तिचे फ्रॉक कोणत्या पिशवीत बसतील, असा विचार माझ्या मनात एकदा येऊन गेला आणि मी तो झटकला.

दुसऱ्या दिवशी पाट मांडला. वन्संनी भावाला ओवाळलं. तबक हातात धरून म्हणाल्या, "बोल. काय ठरलं?"

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी कॅलेंडरची पानं आणून पाटासमोर अंथरली.

"हे काय जाळं?"

मी सांगितलं. गोल म्हणजे शब्द, बाण म्हणजे जोडी, लाल पहिला आठवडा, निळा दुसरा, हिरवा तिसरा. नवरा मधे मधे बोलत होता, "आक्का, हे बघ, हे सगळं नक्कोकडं चाललंय," आणि मग, "हे बघ, इथून फुटलंय." वन्सं तबक खाली ठेवून बसल्या. बोट एका गोलावरून दुसऱ्या गोलावर, बाणाबाणानं.

"कागद बोलून राह्यला," शेवटी म्हणाल्या. "पोरगी कुठं बोलती?"

मुलगी दाराला धरून उभी होती. मी तिला काही म्हणायला लावलं नाही. मला वाटलं, लावलं तर ती नुसती बोट दाखवील आणि सगळं संपेल.

वन्संचं बोट परत कागदावर फिरायला लागलं. मग थांबलं.

"हितं आत्या न्हाई."

"नाही. तुम्ही कालच आलात ना वन्सं."

"आन् सकाळचं?"

"सकाळचं काय?"

"सकाळी तू न्हानीत गेल्ती. मी डबा उघडला. ही आली, करंजी घेतली. खाल्ली. मंग डब्याकडं बोट दावून म्हनली, आत्याचं और. मी म्हनलं, काय बडबडती." त्यांनी कागदावर बोट टेकवलं. "आत्याचं और. ते चं हाये हितं, और बी हाये. आत्याच न्हाई."

"मग लिहिते ना मी."

"न्हाई. दे इकडं."

त्यांनी पेन्सिल घेतली. वाकडातिकडा गोल काढला, त्यात मोठ्या अक्षरात आत्या लिहिलं, आणि तिथून चंकडे बाण ओढला. मग चंपासून और लांब होतं, मधे बिल्ली आणि चप्पल, त्यामुळे रेघ त्यांना वळसा घालून गेली, नाल्यासारखी. और आणि चं यांच्यात त्याआधी एकही बाण नव्हता. तो पहिला.

वन्सं आपल्याच रेघेकडे बघत बसल्या.

"एका रातीत मला पकडलं व्हय हिनं?" त्या हळूच म्हणाल्या. "आमच्या त्याला कुणी असं कागदावर धरलंच न्हाई." त्या दिराबद्दल बोलत होत्या. मग पदर खोचला, तबक उचललं आणि भावावर खेकसल्या, "आता बसलाय काय बघत? साडी आन्ली का न्हाई? का भाची मागितली म्हून खर्चा वाचवला?"

साडी आणली होती. नवऱ्यानं दोन्हींची तयारी ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं.

"पन एक ऐक वैनी. म्हैन्याच्या म्हैन्याला कागद धाडायचा. पोस्टानं. चुकायचं न्हाई."

"रजिस्टर लिहिणारी आहे मी वन्सं. चुकणार नाही."

दुपारी वन्सं ऑटोत बसल्या तेव्हा मुलगी खालाच्या कडेवर होती. ऑटो सुरू झाल्यावर ती एकदम ओरडली, "आत्या जा नक्को!"

नक्को शेवटी. नियम पाळून. वन्संनी ऑटो थांबवला, उतरल्या, तिचा मुका घेतला आणि पुन्हा बसल्या. खाला मला म्हणाली, "लिखो भाभी, लिखो. फिर भूलोगे."

डॉक्टरांकडे मी वह्या नेल्या नाहीत, कॅलेंडर नेलं. त्यांनी ते टेबलावर पसरलं, तेवढ्यात मुलीनं त्यांची घंटी उचलली आणि म्हणाली, "घंटी मला." डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा यायची गरज नाही. वर्षभरात ती इतकी बोलायला लागली की नवरा म्हणायचा, तुझ्या कागदाला आता रेघा पुरायच्या नाहीत. खरंच पुरल्या नाहीत. एका पानावर रेघांचं वारूळ झालं आणि मी थांबले. सगळी पानं गुंडाळून, तारखा लावून, पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवली.

पंधरा-सोळा वर्षांनी मुलगी औरंगाबादला कॉलेजात होती. एका संध्याकाळी तिचा फोन.

"आई, ती पेटी कुठंय? कॅलेंडरची?"

"फडताळाच्या वरच्या खणात. का गं?"

"आज एक संशोधक बाई आल्या होत्या व्याख्यानाला. लहान मुलं व्याकरण कसं उभं करतात त्यावर. त्यांनी पडद्यावर चित्र लावलं, आई, शब्दांचे ठिपके आणि मधे रेघा, महिन्यामहिन्याला वाढणारं जाळं. मी उभीच राह्यले. म्हणलं, हे आमच्या घरी पेटीत आहे!"

म्हणजे याचं शास्त्र आहे. कुठेतरी शहाणी माणसं संगणकासमोर बसून तेच करत होती जे मी खडूसारख्या रंगीत पेन्सिलींनी जमिनीवर केलं होतं.

पुढच्याच रविवारी त्या बाई आमच्या घरी आल्या. वय तिशीच्या आतबाहेर, खांद्याला लॅपटॉप. मी पानं तारखेनं लावून ठेवली होती. त्यांनी पहिल्या तीन आठवड्यांतल्या माझ्या जोड्या एकेक करून संगणकात भरल्या, मुलगी वाचून सांगत होती, मी तपासत होते. दोन तास गेले. मग त्यांनी एक कळ दाबली आणि ठिपके हलायला लागले. आधी विखुरलेले. मग नक्कोभोवती गोळा झालेले. मग ला आणि चं यांच्या बाजूनं फांद्या फुटल्या, आणि कडेचे शब्द एकमेकांना भिडायला लागले. माझ्या मुलीचे तीन आठवडे पडद्यावर वीस सेकंदांत गेले. "परत," मी म्हणाले. "परत लावा." त्यांनी चार वेळा लावलं.

खालालाही बोलावलं होतं. आता ती काठी घेऊन चालायची. पडद्याकडे डोळे बारीक करून बघितलं आणि मधल्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"ये नक्को मेरा है."

"खाला, आमचाही आहे," मुलगी म्हणाली.

"तुम्हारा नको है. नक्को मेरा."

बाई हसल्या, पण शिस्तीच्या होत्या. म्हणाल्या, एका मुलीच्या, एका आईनं लिहिलेल्या जोड्यांवरून सगळ्या मुलांबद्दल बोलता येत नाही. मला ते पटलं. मग त्यांनी विचारलं, "याच्या आधीचे तीन महिने? जोड्या कधी सुरू झाल्या ते कळलं असतं तर फार बरं झालं असतं."

मी निळी आणि तपकिरी वही पुढे ठेवली. "त्यात नुसते शब्द आहेत. मी जोड्या लिहिल्या नाहीत. किरकोळ शब्द गाळले." त्या पानं उलटत राहिल्या. त्या कोऱ्या रकान्यांत ती कदाचित तेव्हाच बिल्ली नक्को म्हणत होती, आणि आता ते कुणालाच कळणार नाही. तेवढी एक चुटपुट आहे. सोळा वर्षांनीही मोकळा रकाना टोचतोच.

मग त्यांनी भाऊबीजेचं पान उचललं आणि जवळ धरून बघितलं.

"बाकी सगळे बाण सरळ आहेत. ही एवढी वळसे घेणारी रेघ कुणाची? ही धरू का सोडून देऊ?"

"धरा," माझा नवरा खुर्चीतून म्हणाला. "ती आक्काची आहे."

बाईंनी आत्या, चं, और टंकलं. पडद्यावर कडेला एक नवा ठिपका आला, थोडा थरथरला आणि जाळ्याकडे ओढला गेला. मुलगी तोवर अंबडला फोन लावत होती.

"आत्या? अगं ऐक ना, तू तुझ्या रेघेसकट कंप्युटरमधे आलीस!"

पलीकडून वन्संचा आवाज खोलीभर ऐकू आला. "रेघ बराबर ओढली का त्यांनी? का सरळ करून टाकली?"